‘टेन्शनने तोंड येतं’ म्हणण्याआधी: रात्रीच्या गाडीवरचे चालक, खर्रा आणि उघडेनासं होणारं तोंड

प्रश्न: माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून नागपूर–पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर चालक आहेत, महिन्यातल्या २४-२५ रात्री गाडीवरच जातात. गेले आठ-नऊ महिने त्यांचं तोंड सारखं येतं. तिखट अजिबात सहन होत नाही, डाव्या गालात आतून पांढरट चट्टा दिसतो, आणि आता तर घास लहान करून घ्यावा लागतो. आमचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन आणि जागरण आहे. बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल दिलं. खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला) खातात, दिवसाला सात-आठ पुड्या. म्हणतात, खर्रा नसला तर स्टिअरिंगवर डोळा लागतो. त्यांच्या गाडीवरच्या दोघा-तिघांना असाच त्रास आहे. हे खरंच टेन्शनने होतं का? नोकरी बदलली तर बरं होईल का?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी थांबले. ‘घास लहान करून घ्यावा लागतो.’ तोंड आलं की तिखट झोंबतं, जेवण नकोसं होतं, चार दिवस माणूस दुखतंय म्हणून तोंड कमी उघडतो. जखम भरली की पुन्हा पहिल्यासारखा जेवतो. घास जर महिन्यामागून महिना लहानच होत चालला असेल, तर आतलं कातडं आवळत चाललंय. न पाहता निदान करू नये, आणि मी ते करत नाही. पण तोंडातले आजार बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, त्यातली बरीचशी विदर्भात. खर्रा, तिखटाची आग आणि लहान होत गेलेला घास या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी पुढची सुट्टी येईपर्यंत थांबा असं कुणालाच सांगत नाही. येत्या आठवड्यात त्यांना दाखवा.

दाखवायचं कुणाला, हेही सांगते, कारण इथे माणसं फार चुकतात. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे ‘ओरल मेडिसिन’चा विभाग असतो. केसपेपर काढताना तोंडातल्या चट्ट्यासाठी आणि तोंड उघडत नाही म्हणून आलोय, असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘दात दाखवायचेत’ म्हणालात तर दात काढायच्या रांगेत जाऊन बसाल.

तोवर आज संध्याकाळी ते गाडीवर निघायच्या आधी एक गोष्ट घरीच करा. त्यांना खिडकीसमोर बसवा. त्यांच्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं जातात. पट्टीने मोजलं तर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर भरतात. दोनच जात असतील तर आजार बराच पुढे सरकला आहे. मग हात स्वच्छ धुऊन गालाच्या आत बोट फिरवा. आतला गाल मऊ, ओला, दाबला तर आत जाणारा असायला हवा. तिथे उभ्या ताणलेल्या सुतळ्यांसारखं काही बोटाला लागलं तर लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. त्यांना फुगा फुगवता येतो का, शिट्टी वाजवता येते का, जीभ ओठाबाहेर पूर्वीइतकी येते का, हेही पाहा. माझ्याकडे येणारे बरेच जण म्हणतात, ‘मॅडम, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही.’ ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की मी आता आपणहूनच विचारते.

मला ज्या आजाराची शंका येते त्याचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली दोरखंडासारखे तंतू साठत जातात आणि अस्तर आखडत जातं. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहिलं आणि आज आपण वापरतो तो शब्द रूढ झाला. त्या काळी मिरची, जीवनसत्त्वांची कमतरता, अशा बऱ्याच गोष्टींवर संशय होता. आता मुख्य गुन्हेगार कोण याबद्दल शंका उरलेली नाही. ती सुपारी आहे.

हे मी ठळकपणे सांगते, कारण आपल्याकडे तंबाखू वाईट आणि सुपारी पूजेच्या ताटातली, अशी मनाची वाटणी झालेली असते. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते अस्तराखालच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं. सुपारीतले तुरट पदार्थ त्या तंतूंना चिवट करतात, म्हणजे शरीराला ते सहजी मोडता येत नाहीत. सुपारीत तांबंही बरंच असतं आणि तंतू एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते जोर देतं. खर्ऱ्यात तर बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात. चुन्याने ती द्रव्यं झटकन सुटी होतात आणि अस्तर भाजून निघाल्यामुळे आतही लवकर शिरतात. त्यात पुडी गालात तासभर धरून ठेवायची. कर्करोगावरच्या जागतिक संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. राज्यात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. खर्रा मात्र पानठेल्यावर अजूनही डोळ्यांसमोर ताजा घोटून मिळतो.

आजाराची सुरुवात बहुतेकदा आगीने होते. सावजी रश्श्यावर वाढलेला नागपूरचा गडी एक दिवस साध्या वरणातल्या मिरचीने कळवळतो. घरच्यांना वाटतं उष्णता वाढली, पोट साफ नाही, पित्त झालं. डॉक्टरांना वाटतं तोंड आलंय. दोघंही चांगल्या मनाने चुकतात. मग गाल आतून फिकट, संगमरवरासारखे दिसू लागतात, आणि तोंड हळूहळू, रोज केसभर, मिटत जातं. हळूहळू होतं म्हणूनच माणसाला कळत नाही. तो घास लहान करतो, भाकरी कुस्करून खातो, सफरचंद चिरून घेतो, आणि आपण असं का करतोय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. बहुतेक वेळा बायकोच्याच ते आधी लक्षात येतं, तुमच्या आलं तसं.

आता टेन्शनचं बोलू. तुमच्या डॉक्टरांना मी खोटं ठरवत नाही. ताणाने तोंडाचं अस्तर बिघडतं, याला आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये एक साधा आणि फार बोलका प्रयोग झाला, १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या आधी. तोंड तेच, जखमही तेवढीच. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक वेळ. ताणाखाली शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि जखम भरून काढणारी यंत्रणा सुस्तावते. पहिल्या महायुद्धात खंदकांत महिनोन्‌महिने काढलेल्या सैनिकांच्या हिरड्या सडून रक्त येई, तोंडाला असह्य घाण वास येई. त्या आजाराला ‘खंदकाचं तोंड’ असंच नाव पडलं. त्यामागे जिवाची भीती होती, झोप नव्हती, दात घासायची सोय नव्हती आणि सिगारेटी भरपूर होत्या. तसं तोंड मी आजही पाहते, पण क्वचित. परीक्षेतली मुलं, लागोपाठ बंदोबस्त केलेला एखादा तरुण शिपाई. योग्य औषध आणि स्वच्छता मिळाली की ते काही दिवसांत सुधारतं.

आपण ज्याला ‘तोंड येणं’ म्हणतो, ते छोटे गोल फोड, मधे पिवळसर आणि कडेला लाल, तेही ताणात वारंवार येतात. ते ओठांच्या आत, गालात, जिभेखाली अशा मऊ जागी येतात. साधारण सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि एक ते दोन आठवड्यांत डाग न ठेवता जातात. लोह, बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर ते जास्त येतात. रात्रीच्या गाडीवर धाब्यावर जेवणाऱ्या आणि दिवसा झोपून जेवण चुकवणाऱ्या माणसात ही कमतरता सहज सापडते. त्यासाठी रक्त तपासा, मग गोळ्या द्या. न तपासता वर्षभर बी-कॉम्प्लेक्स चालू ठेवल्याने फायदा थोडा, आणि काहीतरी चाललंय या समाधानात वेळ मात्र जातो. जाईचा पाला चघळणं, तूप लावणं हे आजीचे उपाय अशा साध्या फोडांना निरुपद्रवी आहेत, मी त्यांना कधी नाही म्हणत नाही. बधिर करणाऱ्या जेलची मात्र मला भीती वाटते. ते दुखणं झाकतं, आणि दुखणं झाकलं की माणूस पुढचा महिना काढतो. स्टेरॉइडची गोळी दुकानातून आणून तोंडात विरघळवत ठेवणारेही येतात. त्यांच्या तोंडात बुरशी झालेली असते आणि कधी रक्तातली साखरही वाढलेली असते.

तरी माझं ठाम मत असं की तुमच्या मिस्टरांसारख्या माणसात ताण ही पहिली पायरी आहे, आजाराचं नाव नव्हे. ताण थेट गालात जाऊन तंतू विणत नाही. तो रात्री दोन वाजता हात पुडीकडे नेतो. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास वळणच येत नाही आणि डोळ्यांवर झापड येते, असं चालक मला सांगतात. मागे चाळीस माणसं झोपलेली असतात. त्या भीतीपोटी घेतलेला खर्रा हा त्या माणसाच्या दृष्टीने शौक नाही, ती त्याची सुरक्षेची सोय आहे. हे समजून न घेता ‘व्यसन सोडा’ म्हटलं की तो मान हलवतो आणि बाहेर पडून पुडी फोडतो. शिवाय गाडी थांबवता येत नाही म्हणून चालक पाणी कमी पितात. तोंड कोरडं पडतं, लाळ घटते, आणि लाळ हेच तर अस्तराचं संरक्षण. झोप दिवसा, तीही तुकड्या-तुकड्यांनी. रजा घेतली की पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना पुढच्या महिन्यावर जातो. ताणाचं सगळ्यात मोठं नुकसान मला यातच दिसतं. ‘टेन्शनमुळे होतंय, कामाचं स्वरूपच तसं आहे’ असं सगळ्यांनी मानलं की कुणी तोंडात बॅटरी मारून बघत नाही.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक पोलीस हवालदार माझ्याकडे आले. जिभेच्या कडेला जखम होती. बंदोबस्ताचे दिवस, गणपती, मग निवडणूक. जखमेला चार महिने झाले होते. त्यांना तीन जणांनी ताण कमी करा असं सांगितलं होतं. एकानेही जीभ बाहेर ओढून कडेला बोट लावून पाहिलं नव्हतं. बोटाला ती जखम कडक लागत होती. शेजारची दाढ तुटून सुरीसारखी झाली होती, आणि ते तंबाखू मळून त्याच बाजूला धरत. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, ते आज हयात आहेत, पण जिभेचा एक भाग गेला आणि बोलणं बदललं. ताण त्यांना होताच, पोलीस खात्यात बारा-बारा तासांची ड्यूटी ही काही गुप्त गोष्ट नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला तोही त्याचसाठी. पण जखमेला चार महिने झाल्यावर तिला ताणाची जखम म्हणायला नको होतं. दोन आठवडे ही मर्यादा मी सगळ्यांना पाठ करायला सांगते. तोंडातली कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर कारण काहीही वाटत असो, तज्ज्ञाला दाखवायचा.

ताणाच्या व्यवसायातले सगळेच चट्टे खर्ऱ्याचे नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर ज्यांनी कधी सुपारीला हात लावला नाही ते घाबरतील. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका आल्या होत्या. दोन्ही गालांत पांढऱ्या रेषांची जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि मधे लाल झोंबणारी जागा. बुरशी समजून त्यांना दोन महिने बुरशीचं औषध चाललं होतं. तो ओरल लायकेन प्लॅनस होता. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने अस्तरावर केलेला हल्ला. तो स्त्रियांत जास्त, तिशीनंतर दिसतो, आणि ताणाच्या दिवसांत भडकतो असं रुग्ण सांगतात, मलाही तसंच दिसतं. तो संसर्गजन्य नाही. त्यांनी घरात स्वतःचा पेला-ताट वेगळं ठेवलं होतं, ते ऐकून मला वाईट वाटलं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी किंवा दातातल्या जुन्या चांदीच्या भरणीनेही असाच चट्टा उठू शकतो, म्हणून औषधांची पूर्ण यादी विचारावी लागते. लावायच्या स्टेरॉइड मलमाने आग आटोक्यात येते. त्यातले थोडेच, शंभरात साधारण एक, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात. म्हणून सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहायचं, पण रोज आरशात बघून जीव जाळायचा नाही. गाल आणि ओठ चावायची सवय, झोपेत दात खाणं, यांचे पांढरे खरबरीत पट्टेही खूप येतात, बँकेतले आणि संगणकावर बसणारे त्यात पुष्कळ. ते निरुपद्रवी असतात.

बायकांबद्दल एक वाक्य वेगळं लिहिते. मिश्री लावणाऱ्या अंगणवाडीताई, आशाताई, शेतमजूर बाया स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजतच नाहीत. ‘दात घासते’ म्हणतात. विचारताना ‘तंबाखू खाता का’ असं न विचारता ‘मिश्री लावता का, दिवसातून कितीदा’ असं विचारावं लागतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नोकरी बदलली तर बरं होईल का? ताई, खर्रा सुटला नाही तर नोकरी बदलून उपयोग नाही. आणि खर्रा सुटला तरी जे तंतू झालेत ते आपोआप विरघळत नाहीत. हे कडू आहे पण मी खोटी आशा देणार नाही. सुपारी पूर्ण बंद केली की आजार बहुतेकांत पुढे सरकायचा थांबतो, आग कमी होते, आणि व्यायाम-औषधांनी तोंड काही प्रमाणात उघडतं. गालात इंजेक्शनं देतात, काही गोळ्या देतात, लाकडी पट्ट्यांची चळत दातांमध्ये धरून रोज एक-एक पट्टी वाढवत तोंड उघडायचा व्यायाम शिकवतात. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. तुम्ही त्यांच्यासमोर बसून करून घेतलात तर माझ्या अनुभवात फरक पडतो. फारच मिटलं असेल तर शस्त्रक्रिया करतात, तीही पुडी सुटल्याशिवाय नाही. या आजारातून पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण केरळात सतरा वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ७.६ टक्के आढळलं होतं. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही. पण होणार कुणाला हे आज सांगता येत नाही, म्हणून तपासणी आयुष्यभर.

गालातल्या चट्ट्याचा तुकडा काढायला सांगितला तर नाही म्हणू नका. ‘सुई लावली की पसरतो’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. तुकडा काढल्याने कर्करोग होत नाही की पसरत नाही. तुकडा न काढल्याने मात्र तो आत शांतपणे वाढतो. पुडी ठेवायच्या जागचा नुसता सुरकुतलेला पांढरा चट्टा कित्येकदा तंबाखू बंद केल्यावर काही आठवड्यांत विरतो. पण पांढऱ्यात लाल ठिपके असतील, चट्टा खरबरीत किंवा कडक असेल, तर थांबायचं नसतं.

खर्रा सोडण्याबद्दल तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात, कारण याच तीन ठिकाणी माणसं परत फिरतात. पहिली, ‘तंबाखू सोडली, आता फक्त साधी सुपारी’ किंवा मसाला सुपारी, असं करू नका. तोंड आखडणारी तीच. माझ्याकडे असे कितीतरी येतात ज्यांनी मोठ्या निर्धाराने तंबाखू सोडली आणि सुपारी दुप्पट केली. दुसरी, सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळांचं तोंड खरोखरच येतं. तंबाखूने अस्तर जाडसर झालेलं असतं, ते पातळ होतं आणि फोड उठतात. माणूस म्हणतो, ‘बघा, खर्रा होता तोवर तोंड ठीक होतं.’ हे फोड महिन्याभरात थांबतात, हे आधी सांगितलेलं असलं तर तो टिकतो, नसलं तर पानठेल्यावर जातो. तिसरी, निकोटिनचं च्युइंगम. ज्याचं तोंड नीट उघडत नाही, जबडा दुखतो, त्याला मी ते सहसा देत नाही. कातडीवर लावायचा निकोटिन पॅच बरा पडतो, अर्थात डॉक्टरांना विचारून. तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय दूरध्वनी १८००-११-२३५६ हा मोफत आहे. मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६.

आणि झोपेचं काय, हा त्यांचा खरा प्रश्न. ‘खर्रा सोडा’ म्हणणाऱ्याने त्याचं उत्तर द्यायलाच हवं. डोळा लागायला लागला की खर्रा, गाणी, खिडकी उघडणं यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. गाडी सुरक्षित जागी लावून कॉफी किंवा कडक चहा घ्यायचा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. उठेपर्यंत कॉफी लागू होते. हा उपाय तपासून पाहिलेला आहे. दुसरा चालक सोबत असेल तर पहाटे दोन ते पाच त्याला द्या, झोप त्याच वेळी सगळ्यात जोरात असते. दिवसा घरी झोपताना खोली अंधारी करा, फोन बाहेर ठेवा, आणि मुलांना सांगा की बाबांची ही रात्र आहे. ते मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोप न पुरण्याचं ते वेगळं कारण असतं. काही जण पुडी गालात धरूनच झोपतात. ते असं करतात का, हे विचारा. सहा तास ती पुडी एकाच जागी बसलेली असते.

त्यांच्या गाडीवरच्या दोघा-तिघांचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला बरं वाटलं, कारण सोबत गेलं की माणसं जातात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात जवळजवळ दोन लाख लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासत होते, डॉक्टरही नव्हते. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ साली ते निष्कर्ष आले. एक बॅटरी, एक लाकडी पट्टी, माणशी तीन मिनिटं. ट्रॅव्हल्सच्या पार्किंगमध्ये, पोलीस वसाहतीत, कुठेही हे होऊ शकतं. जवळच्या आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तिथे गेलं की बीपी-साखर होते, तोंडाची तपासणी आपण मागून घ्यायची.

दाखवायला न्याल त्या दिवशी सकाळपासून त्यांना पुडी खाऊ देऊ नका आणि ते जेलही लावू देऊ नका, नाहीतर चट्ट्याचा खरा रंग दिसत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रिकामी असली तरी. आज तीन बोटांपैकी किती गेली ते तारखेसह लिहून ठेवा, आणि गालाचा एक फोटो मोबाइलवर उजेडात काढून ठेवा. रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळवा. तुकड्याचा रिपोर्ट असेल तर त्यातला ‘डिस्प्लेझिया’ (पेशींची बिघडलेली वाढ) हा शब्द आणि त्याच्या पुढे-मागे काय लिहिलंय ते जसंच्या तसं लिहून पाठवा, पुढचं त्यावर ठरतं.